सौम्य मी राहिलो, वतन भावाने भोगलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातले गृहस्थ लिहितात: वडील मृत्युपत्र न करता गेले. गावाकडची शेती थोरल्या भावाने आपल्या नावावर लावून घेतली. दोघी बहिणींनी आधीच हक्कसोड पत्रावर सह्या करून दिल्या होत्या. आई भावाकडेच असते. "पाळकसाहेब म्हणाले, भावावर केस करू नका, सौम्य राहा. मी राहिलो. बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली 'धन्य ते' ही वचनं वहीत उतरवून घेतली, रोज रात्री एकेका वृत्तीवर स्वतःला तपासतो. तरी राग जात नाही. घरात आशीर्वाद दिसत नाही, भावाने मात्र यंदा ट्रॅक्टर घेतला. सौम्य मी राहिलो आणि वतन त्याने भोगलं. माझ्या मनोवृत्तीत नेमकी कोणती उणीव आहे?"

पाळक म्हणून काम करताना मी जेवढ्या प्रार्थनेच्या विनंत्या ऐकल्या, त्यांत शेतीच्या वाटणीइतका वारंवार येणारा विषय दुसरा नसेल. तो त्या नावाने येत नाही एवढंच. "पाळकसाहेब, घरात शांती नाही, प्रार्थना करा," असा येतो. चहा होतो, स्तोत्र वाचून होतं, आणि निघता निघता कोणीतरी सातबारा काढून दाखवतो. तेव्हा तुम्ही विषय नावानिशी लिहिलात, हे बरं झालं.

तुम्ही विचारता, त्या 'धन्य ते' वचनांतल्या आठ वृत्तींपैकी कुठली कमी पडते. मला वाटतं, प्रश्नात दोन गाठी आहेत आणि त्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील. एक, या आठ वृत्ती पूर्ण केल्या की आशीर्वाद मिळतो हा तुमचा समज. दुसरी, तुम्ही जे केलंत त्याला सौम्यता म्हणायचं का.

पहिली गाठ. मत्तयाचा पाचवा अध्याय उघडण्याआधी चौथ्याचा शेवट वाचा. येशूच्या मागे कोण आलेत ते तिथे सांगितलंय: आजारी, वेदनांनी पिडलेले, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती, आणि त्यांना घेऊन आलेली गालीलापासून दकापलीसपर्यंतची माणसं. हा जमाव डोळ्यांपुढे असताना येशू डोंगरावर चढून बसतो, शिष्य जवळ येतात आणि तो बोलायला लागतो: "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." त्याने दीन व्हा असं म्हटलेलं नाही, शोक करा असंही नाही. तिसऱ्या वचनापासून अकराव्यापर्यंत एकही आज्ञा नाही. पहिली आज्ञा बाराव्या वचनात येते, आणि ती आहे आनंद करा, उल्लास करा. शिवाय आठ 'धन्य' वाक्यांपैकी पहिल्या आणि आठव्यातलं वचनदान एकच आहे, स्वर्गाचं राज्य त्यांचं "आहे". मधली सहा भविष्यकाळात आहेत, सांत्वन मिळेल, तृप्त होतील. दोन्ही टोकांना मात्र आत्ताचं देणं आहे. ज्यांच्या हातात काही नाही त्यांना राज्य आधीच देऊन टाकलंय आणि मग पुढचं बोलणं चाललंय.

या वचनांकडे पायऱ्या म्हणून पाहायची परंपराही जुनी आहे, हे सांगायला हवं. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने त्यांचा अर्थ शिडीसारखा लावला, एका वृत्तीवरून दुसरीवर चढत देवाकडे. मला ती मांडणी चुकीची वाटत नाही. दीनतेशिवाय दया कोरडी होते हे रोज दिसतं. पण त्या शिडीची खालची पायरीच अशी आहे की तिथे स्वतःच्या नावावर काही जमा धरता येत नाही. आपल्याकडे नेमकं तेच निसटतं. देवाशी हिशोब मांडायची सवय, धर्म कुठलाही असो, सहजासहजी जात नाही. आणि हल्लीचे काही उपदेशक ती आणखी पक्की करतात. अमुक वृत्ती धरा, तमुक दार उघडेल. डेअरीला दूध घातलं की पुस्तकात लिटर, फॅट आणि रेट चढतो आणि पंधरवड्याला पेमेंट येतं. तुमची वही मला तशी वाटली. दूध रोज घातलं, पेमेंट थकलंय, आणि शेजाऱ्याला पाणी घालूनही पैसे मिळालेत, ही तुमची तक्रार. अशी तक्रार मनात धरून माणूस आत्म्याने दीन राहूच शकत नाही, कारण आपलं देवाकडे येणं बाकी आहे असं त्याला वाटत असतं. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला आलेले दोघे आठवा, नेमाने धर्म पाळणारा परूशी आणि पापी समजला जाणारा जकातदार. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश, परूशाच्या यादीत खोटं काही नव्हतं. जकातदाराकडे यादीच नव्हती.

वही फेकून द्या असं मी म्हणणार नाही. तिचा उपयोग बदला. "आज मी किती सौम्य होतो" याच्याऐवजी "आज मला कशाचा राग आला, आणि तो कोणावर काढला" एवढंच लिहा. पंधरा दिवसांत चित्र दिसेल. माझा अंदाज आहे की भावाचं नाव कमी आणि बायकोचं, मुलांचं नाव जास्त वेळा येईल. अंदाज चुकला तर आनंदच आहे.

आता दुसरी गाठ, जिथे खरं दुखतंय. "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील." हे वाक्य येशू स्तोत्र ३७ मधून घेतो, आणि ते स्तोत्र तुमच्यासारख्यांसाठीच आहे. दुष्टाची भरभराट पाहून जळफळू नको, अशी त्याची सुरुवात. आणि जमिनीचं वतन कोणाला मिळणार हा मुद्दा त्यात पुन्हा पुन्हा येतो, नवव्या, अकराव्या, बाविसाव्या, एकोणतिसाव्या आणि चौतिसाव्या वचनात. म्हणजे ज्यांच्या जमिनी हातातून गेल्यात किंवा जातील अशी भीती आहे, अशांना धीर देणारं हे गाणं आहे. त्यात अन्यायाला अन्याय म्हटलंय. कर्ज घेऊन न फेडणारा, गरिबावर धनुष्य ताणणारा, सगळ्यांना त्यात त्यांच्या नावाने हाक मारलीय. लीन माणूस ते पाहतो, बोलतो, देवापुढे मांडतो. तो फक्त जळफळाटातून हात उचलत नाही.

बायबलमध्ये सौम्य म्हणून ज्यांची नावं येतात ती माणसं गप्प बसणारी नव्हती. गणना १२:३ मध्ये मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र म्हटलंय, आणि हाच मोशे फारोपुढे पुन्हा पुन्हा उभा राहून माझ्या लोकांना जाऊ दे म्हणाला. येशू स्वतःला मनाचा सौम्य व लीन म्हणवतो. महायाजकापुढे शिपायाने तोंडात मारली तेव्हा तो काय करतो ते योहान १८:२३ मध्ये पाहा. तो उलटून मारत नाही. मान खाली घालूनही उभा राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर काय ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं विचारतो. शिपायाकडे त्याने उत्तर मागितलं. एका गालावर मारलं तर दुसरा गाल पुढे करण्याचं वचन आपण सगळे पाठ म्हणतो. ते वचन बोलणाऱ्यानेच प्रसंग आल्यावर कसं वागून दाखवलं, ते क्वचित वाचतो.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या सिस्टरांनी आसरा दिला, शिकवलं, त्यांच्याशीच पुढे धर्ममतांवरून त्यांचे मतभेद झाले. १८८५च्या पत्रव्यवहारात त्या ज्यांना "आजीबाई" म्हणून प्रेमाने लिहीत, त्याच सिस्टर जेराल्डिनना त्यांनी स्पष्ट कळवलं की मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, विचारशक्ती आहे. परक्या देशात, पदरात लहान मुलगी, राहणं त्यांच्याच आधारावर. तरी संबोधन आजीबाईच आणि म्हणणंही सोडलेलं नाही. सौम्यता कशी दिसते असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.

तुम्ही भावाला काही बोललात का? प्रश्नात तरी तसा उल्लेख नाही. "दादा, वडिलांच्या जमिनीत माझा वाटा आहे आणि तो मला न विचारता तुझ्या नावावर गेला, हे मला लागलंय," हे वाक्य आवाज न चढवता त्याच्यासमोर म्हणता येणं, ही सौम्यता. ते न म्हणता घरी येऊन दरवाजा आपटणं, ती भीड. दादाची भीती, आईला काय वाटेल, मंडळीत लोक काय म्हणतील, कोर्टाचा खर्च. यातलं काहीही लाजिरवाणं नाही, माणसं अशीच असतात. पण भिडेला सौम्यतेचं नाव दिलं की ती बरी होत नाही, आणि वर देवाकडे तिचा मोबदला मागितला जातो.

तुमच्या पाळकांनी जे सांगितलं त्याचा आधार बहुधा पहिलं करिंथ, सहावा अध्याय असावा. भाऊ भावावर खटला करतो हीच तुमची हार आहे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं पौल सातव्या वचनात लिहितो. बरोबर आहे. पण पाचव्या वचनात त्याने आधी विचारलंय: भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आणि आठव्यात अन्याय करणाऱ्या भावालाही झाडलंय. पौलाची अपेक्षा मंडळीने मध्ये पडून निवाडा करावा ही होती. आपण काय करतो? ज्याचं गेलं त्याला सातवं वचन वाचून दाखवतो. ज्याने नेलं त्याला कोणी आठवं वाचून दाखवत नाही, विशेषतः तो कापणीच्या सणाला मोठं दान देत असेल तर. शांती करणारे धन्य म्हणताना दोघांच्या मध्ये जाऊन बसणारा माणूस अपेक्षित आहे, आणि तसं बसलं की दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. एकाच मंडळीतले दोन भाऊ प्रभुभोजनाला येताना मुद्दाम वेगवेगळ्या रांगेत उभे राहतात, एक उठल्याशिवाय दुसरा गुडघे टेकत नाही, हे दृश्य पाळक वेदीपाशी उभा राहून स्पष्ट बघत असतो. त्याने ते बघून गप्प राहणं याला शांती म्हणत नाहीत. तुमच्या पाळकांकडे परत जा आणि पाचवं वचन दाखवून सांगा, तुम्ही आणि दोन ज्येष्ठ मंडळी मिळून आमच्यात बसा.

राग जात नाही म्हणता, त्याचं माझ्या मते साधं कारण आहे. तुम्ही पहिल्या वृत्तीवरून थेट तिसरीवर उडी घेतलीत. मधली राहिली: "जे शोक करतात ते धन्य." आपल्या मंडळ्यांमध्ये रडण्याला फार वाईट दिवस आलेत. वाईट झालं तरी "प्रभूची स्तुती असो" म्हणायचं, नाहीतर साक्ष बिघडते. प्रार्थनासभेत एखादी बाई हुंदका द्यायला लागली की कोणीतरी लगेच कोरस सुरू करतं. स्तोत्रकर्त्याला अशी घाई नव्हती. स्तोत्र १३ उघडा, पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हाच शब्द परत परत येतो. मी माणसांना ते मोठ्याने वाचायला लावतो, मनात नाही. घरात कोणी नसताना, दार लावून. त्यात तुमची वाक्यं घाला. वडिलांबरोबर बांधावर चाललो होतो ती जमीन, दादाने मला विचारलंसुद्धा नाही, आई गप्प राहिली. मला नेहमी असं दिसलंय की माणूस जमिनीपासून सुरुवात करतो आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला आईवर किंवा भावावर येतो. एकरांचा आकडा मागे पडतो. दुरावलेला भाऊ हे खरं दुःख असतं, आणि त्याबद्दल कोणी रडलेलंच नसतं. ते रडून झाल्यावर राग लगेच जातो असं नाही, पण त्याचं तोंड फिरतं.

आता थोडं कडू. तुमच्या प्रश्नात बहिणींचा उल्लेख एका ओळीत आला, "आधीच सह्या करून दिल्या होत्या." ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर वारसा १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. ढोबळ नियम असा की विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे आणि मुली यांचे वाटे सारखे. म्हणजे आईचा तिसरा हिस्सा होता, आणि बहिणींचाही तुमच्याइतकाच. त्यांनी सह्या खुशीने केल्या की माहेर तुटू नये म्हणून, हे कोणी विचारलं का? तेव्हा तुम्हाला अन्याय दिसला होता का, की तुमचा वाटा गेल्यावर दिसायला लागला?

हे टोचायला लिहीत नाही. "जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले" या वचनाचा कस इथेच लागतो. आपल्या वाट्याची भूक सगळ्यांनाच असते. न्यायाची भूक असलेल्या माणसाला दुसऱ्याचा गेलेला वाटाही तितकाच सलतो. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे येऊन बापाच्या वतनात हिस्सा मागतात. मोशे ते गाऱ्हाणं देवाकडे नेतो आणि उत्तर येतं की या मुलींचं म्हणणं रास्त आहे. देवापुढे जमीन मागणं हे लोभाचंच लक्षण असतं तर हे उत्तर आलं नसतं.

मग मागायची की सोडायची? इथे मी एक उत्तर देऊ शकत नाही, कारण कागद पाहिलेले नाहीत. फेरफार कशाच्या आधारावर झाला, तुमची सही कुठे घेतली का, बहिणींचं हक्कसोड नोंदणीकृत आहे का, घर चालवायला तुम्हाला ती जमीन लागते की नोकरी आहे, यावर बरंच अवलंबून आहे. वकिलाला कागद दाखवणं पाप नाही, आणि दाखवलं म्हणजे केस केलीच असंही नाही. बायबलमध्ये दोन्ही प्रकारची माणसं आहेत. अब्रामाने पुतण्या लोटाला जमिनीची निवड आधी करू दिली. इसहाकाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरींवर गरारचे गुराखी भांडले. एसेक सोडली, सितना सोडली, रहोबोथला जागा मिळाली. उलट नाबोथाने वाडवडिलांचं वतन राजा अहाबालासुद्धा द्यायला नकार दिला, त्यात जीव गेला, आणि देवाने दोष अहाबाला दिला. अब्राम आणि नाबोथ यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. दोघांनी काय करायचं ते स्वतः ठरवलं, उघड सांगितलं. अब्रामाने सोडलं ते पुढे लोटाच्या हिरव्या शेताकडे बघत कुढण्यासाठी नव्हतं. त्याच लोटाला राजांनी कैद करून नेलं तेव्हा तो माणसं घेऊन सोडवायला धावला. तुम्ही सोडणार असाल तर भाऊ अडचणीत आल्यावर धावून जाता येईल का, हे स्वतःला विचारा. उत्तर "नाही" असेल, तर तुम्ही सोडलेलं नाही, तुमच्याकडून गेलंय. अशा वेळी मागणं जास्त प्रामाणिक.

एक सावधगिरी. लूक १२:१३ मध्ये गर्दीतून एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला सांग, माझा वाटा मला दे. तुमचंच गाऱ्हाणं. येशू वाटणी करायला नकार देतो आणि दोघांनाही लागू पडेल असा लोभाचा इशारा देतो. तो त्याचा हक्क नाकारत नाही, पण वाट्यात जीव आहे हे मानायलाही तयार नाही. मागायला जाल तेव्हा हे वचन खिशात असू द्या.

भावाच्या ट्रॅक्टरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, हे त्याच प्रवचनात थोडं पुढे, मत्तय ५:४५ मध्ये आहे. भरभराट हा कोणाच्याही मनोवृत्तीचा पुरावा नाही, त्याच्याही नाही आणि तुमच्याही नाही. तो हप्त्यावर घेतलेला असण्याची शक्यताही धरा.

क्रम असा ठेवा. आधी स्तोत्र १३, मोठ्याने. मग दोघी बहिणींना वेगवेगळा फोन, आणि त्यात आपलं गाऱ्हाणं न सांगता फक्त विचारा, सही करताना तुला काय वाटलं होतं. त्या बोलल्या तर ऐका, मध्ये भावाला शिव्या घालू नका. मग आईला भेटा, भाऊ घरात असतानाच, म्हणजे पाठीमागे बोलल्यासारखं होणार नाही. कागद वकिलाला दाखवणं याच दरम्यान करून घ्या. भावासमोर बसायचं ते पाळक आणि दोन ज्येष्ठ हजर असताना, आणि नाताळ, वाढदिवस, लग्न असा कुठलाही दिवस सोडून. बहिणींचं म्हणणं कळल्यावर पुन्हा लिहा. पुढचं त्यांनी काय सांगितलं त्यावर ठरेल.